पौषातले पडसे

आजारांच्या जगातही प्रतिष्ठेची एक उतरंड असते आणि पडसे तिच्या अगदी तळाशी असते. हृदयविकाराला वजन असते, मधुमेहाला वय आणि अनुभव असतो, कावीळ झालेल्या माणसाकडेही लोक जरा आदराने पाहतात. पडसे झालेल्याच्या उशाशी मात्र कोणी मोसंबी आणून ठेवत नाही. आमच्या महाविद्यालयीन नोकरीत किरकोळ रजेच्या अर्जावर कारणासाठी एक ओळ कोरी असते. वीस-एक वर्षांच्या नोकरीत त्या ओळीवर 'पडसे' हा शब्द लिहिलेला मी पाहिलेला नाही. 'ताप' असतो, 'प्रकृती अस्वास्थ्य' असते, 'घरगुती काम' तर हमखास असते. पडशाने बेजार झालेला मनुष्यही तिथे 'ताप'च लिहितो. पडशासाठी रजा मागणे काहीसे लाजिरवाणे आहे, असा आपला सर्वांचा अलिखित करार झालेला दिसतो.

वास्तविक शब्द म्हणून पडसे चांगले घरंदाज आहे. संस्कृत 'प्रतिश्याय' हे त्याचे मूळ. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायावर स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे प्राचीन वैद्यांनी त्याला क्षुल्लक मानलेले नव्हते. पुढे फारसीतून आलेल्या 'सर्दी'ने शहरी बोलण्यातून पडशाला बरेचसे हुसकून लावले. तरी आमच्या सातारा-सांगलीकडे घरात अजून पडसेच होते. सर्दी होते ती दवाखान्याची पायरी चढल्यावर.

आणि ज्या अवयवावर हे संकट येते त्याला तर मराठीने केवढा मान दिला आहे! कोणी नाकासमोर चालतो, कोणी नाक वर करून चालतो, कोणाच्या नाकावर राग असतो, कोणी नाकाने कांदे सोलतो. एखाद्याचे नाक कापले जाते, एखाद्याला नाक घासावे लागते. या सगळ्या वाक्प्रचारांतले नाक अब्रूचे आहे, चेहऱ्यावर मध्यभागी दिसणारे आहे. नाकाचा खरा व्यवसाय वास घेणे हा. पण त्या व्यवसायाकडे भाषेने या बाबतीत फारसे लक्ष दिलेले नाही. पडशात अब्रू शाबूत राहते आणि व्यवसाय बुडतो, हे कदाचित त्या दुर्लक्षाचे एक कारण असावे.

२०२५ च्या जानेवारीत, पौषात, माझा हा व्यवसाय नऊ दिवस बुडाला होता. त्या नऊ दिवसांविषयी लिहायचे आहे.

मी नोकरीनिमित्त साताऱ्याला असतो. आई सांगलीला, गावभागातल्या जुन्या घरात, एकटी असते. वय चौऱ्याहत्तर. वडील २०११ मध्ये गेले. भोगी आणि संक्रांत आईपाशी करायची असा आमचा जुना नेम. यंदा मुलीची बारावी, म्हणून पत्नी आणि मुलगी साताऱ्यालाच थांबल्या आणि ११ जानेवारीच्या शनिवारी मी एकटाच एसटीने निघालो. निघतानाच घशात खवखव होती. साताऱ्याची थंडी कोरडी आणि बोचरी. अजिंक्यताऱ्यावरून उतरलेला वारा कानटोपीला जुमानत नाही. सांगलीची थंडी वेगळी. ती नदीकाठची, ओलसर. पहाटे आयर्विन पुलावर धुके असे दाटते की पलीकडून येणाऱ्या सायकलीची घंटा आधी ऐकू येते आणि सायकल मागाहून दिसते. एका थंडीतून दुसऱ्या थंडीत जाताना मधल्या सव्वाशे किलोमीटरांत पडशाने मला गाठले.

हा सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता हिवाळ्यात डोळे मिटून ओळखता येतो, म्हणजे नाकाने. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांचा हिरवट गोड वास, साखर कारखान्याजवळ मळीचा डोके जड करणारा दर्प, मध्येच पाचट पेटवलेल्या फडाचा धूर, आणि कुठे गुऱ्हाळ लागले तर उकळत्या काकवीचा तो भरगच्च वास. कृष्णाकाठच्या या पट्ट्याचा हिवाळा इतरांपेक्षा वेगळा आहे तो त्याच्या वासांमुळे, असे माझे मत आहे. थंडी तर सगळीकडेच पडते. पण ऊस, गूळ, हुरडा आणि जानेवारीच्या मध्यापासून शेतात शिजू लागणारी हळद यांचे वास एकाच ऋतूत एकमेकांच्या अंगावर येतात ते इथे. कराड सोडल्यावर रस्त्याकडेच्या एका गुऱ्हाळाचा वास खिडकीतून आत आला. तो मला आलेला अखेरचा वास. रात्री सांगलीत उतरलो तेव्हा नाक वाहत होते आणि सकाळी उठलो तेव्हा ते पुरते चोंदले होते.

"अनवाणी हिंडला असशील गार फरशीवर," आईचे निदान झाले.

पडसे विषाणूंमुळे होते आणि त्यांतल्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणूनच त्यावर अद्याप लस नाही, हे मी तिला सांगून पाहिले. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे १९४६ मध्ये केवळ पडशाच्या संशोधनासाठी केंद्र निघाले आणि ते चार दशकांहून अधिक काळ चालले. स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांनिशी गारठ्यात उभे करण्याचे प्रयोगही तिथे झाले. त्याने पडसे वाढल्याचे दिसले नाही. हे सारे मी तिला ऐकवले. मात्र २००५ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी १८० जणांवर प्रयोग केला, त्यांतल्या निम्म्यांचे पाय वीस मिनिटे गार पाण्यात बुडवून ठेवले आणि पुढच्या चार-पाच दिवसांत त्या गार पायांच्या मंडळींनाच पडशाची लक्षणे अधिक दिसली, हे मी तिला सांगितले नाही. आईच्या हाती इतके भक्कम शास्त्रीय हत्यार देणे पुढच्या सबंध आयुष्याच्या दृष्टीने परवडणारे नव्हते.

उपचार घरचेच. गवती चहा, सुंठ, मिरे आणि तुळस यांचा काढा, ओव्याची गरम पुरचुंडी, रात्री हळद घातलेले दूध, दोन वेळा वाफारा. डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकले की जग एका पितळी पातेल्याएवढे होते. अंगावर आजीच्या हातची वाकळ. आडवे पडून मी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' काढले आणि पौषाचा लेख पुन्हा वाचला. १९५६ चे हे पुस्तक आजारपणात वाचावे. बाहेर जाता येत नसताना बाहेर काय चालले आहे ते इतक्या बारकाईने सांगणारे दुसरे पुस्तक मराठीत मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र पडल्या पडल्या जाणवत राहिली. वर्गात मी लघुनिबंध शिकवतो. फडके, काणेकर, आणि सांगलीतच जन्मलेले खांडेकर यांच्या काळात हा प्रकार बहरला, त्याची वैशिष्ट्ये कोणती, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. क्षुल्लक विषय, खेळकर चिंतन, मोकळा 'मी'. किरकोळ आजार हा त्या 'मी'ला मानवणारा विषय. कारण आजारात निवांतपणा मिळतो. पण त्या निवांत 'मी'च्या हातात चहाचा कप कोठून येतो, हे निबंधात सहसा सांगितलेले नसते. तो येतो. विशेषतः सांगलीच्या त्या घरात मला या प्रश्नाची टोचणी अधिक होती, कारण काढा करणाऱ्या बाईला सुंठ जुनी झाली आहे की नवी हे वासावरून कळत नव्हते.

आईला वास येत नाही. २०२० च्या सप्टेंबरात, सांगलीत करोनाची साथ जोरात असताना, ती आजारी पडली. ताप चार दिवसांत उतरला, खोकला पंधरा दिवसांत गेला, वास गेला तो परत आला नाही. पुष्कळांचा काही आठवड्यांत येतो, काहींचा महिन्यांनी येतो. तिचा आला नाही. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, निलगिरी असे ठराविक वास रोज सकाळ-संध्याकाळ घेण्याचा सराव सांगितला होता. तो तिने आठ महिने पोथी वाचावी तसा नेमाने केला आणि मग एके दिवशी लवंगांची बाटली मसाल्याच्या फळीवर परत ठेवून दिली.

पडशात आणि तिच्या अवस्थेत फरक आहे. पडशात नाकाच्या आतली त्वचा सुजते आणि हवा वरच्या भागातल्या गंधपेशींपर्यंत पोहोचतच नाही. दार बंद असते, घरात माणसे असतात. तिच्याकडे दार सताड उघडे आहे. पण परिणाम एकच. भोगीच्या दिवशी आम्ही दोघे समोरासमोर जेवायला बसलो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे, तिळाचे कूट घातलेली भोगीची भाजी. जिभेवर गोड होते, गाजर नव्हते. खारट, तिखट, किंचित तुरट असे सगळे हजर होते, पण ते कोणाचे आहे हे कळत नव्हते. एखाद्या लग्नघरी केवळ आडनावांची यादी वाचून दाखवावी तसे.

"कशी झालीय?" आईने विचारले.

"छान."

"तुला काय कळतंय? आरशात नाक बघ तुझं." आणि मग तोंडाला पदर लावून ती हसली. "आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याइतकंच जेवलं."

तिच्या स्वयंपाकाचे तंत्र त्या आठवड्यात मी पडल्या पडल्या नीट पाहिले. ती आता कानाने आणि डोळ्याने रांधते. तीळ भाजताना तडतड वाढून मंदावू लागली की गॅस बंद. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, तो वाटीच्या काठावर आपटायचा. टण्ण वाजला की वड्यांचा पाक झाला. बेसन भाजताना उलथणे हलके लागले पाहिजे. फोडणीची तिची परीक्षा तर खास आहे: ठसका. मिरचीचा झोंबरेपणा, कांद्याची चुरचुर, निलगिरीचा गारवा या गोष्टी गंधाच्या नसेने कळत नाहीत. चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवणारी जी वेगळी नस आहे, ती त्या नाकातूनही टिपते. ती नस तिची शाबूत आहे. त्यामुळे फोडणीला ठसका लागला की आईचा चेहरा उजळतो. खोकत खोकत ती म्हणते, "जमली."

जे ठसक्याने कळत नाही त्यासाठी चिठ्ठ्या. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे तुकडे, त्यांवर पेन्सिलीने तारीख, आणि ते प्रत्येक डब्यावर. शेंगदाण्याचे कूट, तेल, डाळीचे पीठ, खोबरे. खवट झालेले तिला कळत नाही, म्हणून तारीख उलटली की ती ते टाकते. काटकसरीत आयुष्य काढलेल्या बाईला चांगले असण्याचा संभव असलेले कूट टाकून देताना काय वाटत असेल, हे मला तिचा हात पाहून समजले. ती डबा पालथा करते आणि दुसरीकडे बघते.

चिठ्ठी लावता येत नाही अशी एकच वस्तू घरात आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. म्हणजे ज्या एका वासावर घराची सुरक्षितता सोपवलेली आहे, तो माणसाच्या नाकावर विसंबून तयार केलेला आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची, वास न येणारी बाई घरात एकटी असते तेव्हा ही व्यवस्था कोलमडते. मी एक गॅसचा इशारा देणारे यंत्र आणून भिंतीला लावले होते. ते एका रात्री दोन वाजता विनाकारण किंचाळले. आई घाबरून ओट्यापाशी गेली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पहाटेपर्यंत थंडीत पायरीवर बसून राहिली. त्या दिवसापासून त्या यंत्राचे बटण बंद असते. विजेवरची शेगडीही आणली; तिच्यावर भाकरी फुगत नाही, हा निकाल एका दिवसात लागला.

मग शेजारच्या वहिनींनी आपणहून एक व्यवस्था सुरू केली. त्या सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला येतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून एक लांब श्वास घेतात, "काही नाही मावशी," म्हणतात आणि जातात. कधी पाच मिनिटे बसतात, कधी चप्पलही काढत नाहीत. चार वर्षे हे चालू आहे. आमच्या घरात या विधीला 'वास घेऊन जाणे' म्हणतात. "आज वहिनी वास घेऊन गेली का?" हा माझा फोनवरचा रोजचा प्रश्न असतो. एखाद्या परक्या माणसाने तो ऐकला तर त्याला आमच्या घराविषयी काय वाटेल कोण जाणे.

मी सांगलीला असलो की वहिनींना सुट्टी असते. या वेळी रविवारी सकाळी साडेसहाला दार वाजले. मी गुंडाळलेल्या मफलरातून म्हणालो, "अहो वहिनी, मी आहे ना आता."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "सर, तुमचं नाक चालू होईपर्यंत मी येते," म्हणाल्या आणि आत जाऊन श्वास घेऊन गेल्या.

आईने साताऱ्याला यावे हा विषय आमच्याकडे दर संक्रांतीला निघतो. तिळगुळाबरोबर तोही येतो म्हणा ना. २०२१ मध्ये ती चार महिने येऊन राहिलीही होती. घर मोठे, वरच्या मजल्यावर, ऊन भरपूर, नातीची सोबत. चार महिन्यांनी तिने पिशवी भरली. तेव्हा तिने दिलेली कारणे नेहमीचीच होती: पाणी, जिना, ओळखीचे कोणी नाही. या वेळी, बहुधा मीही त्याच अवस्थेत असल्यामुळे, तिने निराळे उत्तर दिले. संक्रांतीच्या संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका गेल्यावर ती दाराशी पाय लांब करून बसली होती.

"इथं कुठला वास कुठं असतो ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "गणपतीच्या देवळात शिरलं की मला येत नसला तरी कळतो. बाजारात गेलं, घाटावर गेलं, तुझ्या वडलांच्या आडतीवरनं गेलं, की येतो. नाकाला नाही येत, पण येतो. साताऱ्यात मी पहिल्यांदा राहायला आले तेव्हा नाक गेलेलंच होतं. तिथं मला नुसतं काहीच नाही. रस्त्याला नाही, घराला नाही. तुझ्या पोरीच्या केसांना पण नाही."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते आणि घसाही बसलेला होता.

वडील हळदीच्या एका आडतीवर दिवाणजी होते. सांगलीच्या हळदबाजाराचे नाव देशभर आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्यासाठी मात्र हळद म्हणजे वडिलांचा सदरा. तो कितीही धुतला तरी काखेशी आणि खिशाशी पिवळा राहायचा आणि ते घरात आले की त्यांच्याआधी एक कोरडा, मातकट, किंचित कडसर वास आत यायचा. सांगलीलगत हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोदलेली हळदीची पेवे होती. तिथली माती अशी की पेव बंद केले की आतली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. वडील तेव्हा महिनाभर घरात कमी बोलत. त्यानंतरचा मोठा पूर २०१९ चा. त्या वेळी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होते, आणि ते ओसरल्यावर घरात राहिलेला चिखलाचा, कुजलेल्या धान्याचा आणि फिनेलचा वास महिनाभर हटला नाही. आईच्या नाकाने घेतलेला शेवटचा मोठा वास तो. "जाताना तेवढा तरी विसरायला हवा होता," असे ती म्हणते. तो अजून जसाच्या तसा आहे.

अंथरुणात पडून, आमच्या धंद्याच्या सवयीने, मी मराठीत वासाला शब्द किती आहेत ते मोजू लागलो. खवट, कुबट, करपट, ओशट, उबट, वशट, कोंदट, धुरकट, शिळपट, कुजकट. 'ट'ने संपणारी ही सगळी मंडळी एका घरातली दिसतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. तेल खवट होते, कपडे कुबट होतात, दूध करपट लागते, अंड्याच्या भांड्याला वशट वास येतो. यांची अदलाबदल मराठी माणूस सहसा करीत नाही. याउलट चांगल्या वासांकडे वळलो तर सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट. शब्द देखणे आहेत, पण मोगऱ्याचा दरवळ आणि वेलदोड्याचा दरवळ यांत भेद करायला ते असमर्थ आहेत. 'खमंग' आणि 'खरपूस' हे दोन सन्माननीय अपवाद, आणि तेही स्वयंपाकघरातून आलेले. मला वाटते, वासाचे हे नेमके शब्द कवींनी घडवलेले नाहीत. धान्य, तेल, दूध आणि कपडे राखणाऱ्या बायकांनी ते घडवले. आणि राखण करणाराला धोक्यांची नावे बारीक लागतात. शेजारच्या वहिनी रोज दोन वेळा येऊन करतात ते हेच काम आहे, फक्त त्यांचा शब्द 'काही नाही' हा आहे.

आठव्या दिवशी, शनिवारी दुपारी, कुशीवर वळताना मला पहिला वास आला. तो काही काव्यात्म नव्हता. उशीच्या अभ्र्याचा होता: घाम, निलगिरी आणि जुना कापूस. इतका आनंद मला पूर्वी कुठल्याही अत्तराने झालेला नाही. संध्याकाळपर्यंत तो येत-जात राहिला, आणि रविवारी सकाळी वहिनी येऊन गेल्यानंतर ओट्यापाशी उभा असताना कढत दुधाचा वास स्पष्ट आला.

"आला?" आईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले.

मी मान हलवली. तिने ताबडतोब गॅस बारीक केला आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली काढायला सुरुवात केली. नाक चालू असलेला मुलगा सोमवारी पहाटे जाणार होता. मधल्या एका दिवसाचा हिशेब तिने मनात करून ठेवला असावा.

"हे कूट बघ."

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे? खवट नाही ना?"

"नाही. खमंग आहे."

"खमंग म्हणू नकोस. ते सगळेच म्हणतात. मराठी शिकवतोस ना?"

मग कांदा-लसणीची चटणी आली. साताऱ्या-सांगलीकडे ज्या तिखटाला चटणी म्हणतात ती. उन्हाळ्यात कुटलेली, डंखावरची. ती उतरली आहे का, हे तिला हवे होते. मी वास घेतला आणि सांगू लागलो. आधी लसूण येतो, पण तळलेला, कच्चा नाही. त्याच्या मागे खोबरे, जरासे अधिक भाजलेले. मिरची सगळ्यात शेवटी, आणि ती नाकाला कमी, डोळ्याला अधिक. डोळे मिटून ती ऐकत होती. "धणे?" तिने विचारले. मी पुन्हा वास घेतला. धणे नव्हते, किंवा इतके खाली होते की मला सापडत नव्हते. "धणे कमीच घातले होते या साली," ती समाधानाने म्हणाली. असे दीड तास चालले. धणे, जिरे, दगडफूल, नाचणीचे पीठ, लोणच्याची बरणी, देवघरातला कापूर, उन्हात टाकलेली वाकळ. एम. ए. च्या तोंडी परीक्षेतही मला इतका घाम फुटला नव्हता. चिठ्ठ्यांवरच्या तीन तारखा तिने खोडून पुढे ढकलल्या आणि दोन डबे ओतून टाकले.

शेवटी ती आतल्या खोलीत गेली आणि वडिलांच्या ट्रंकेतून एक छोटा डबा घेऊन आली. आत रुमालात बांधलेली चार हळकुंडे होती. हरिपूरच्या पेवातली, राजापुरी, पुराच्या आधीच्या सालातली. वडिलांनी ती का ठेवली होती ते त्यांनी कधी सांगितले नाही. हळकुंडे सुकून दगडासारखी झाली होती. मी एक नाकाशी धरले, मग नखाने जरा खरवडून पुन्हा धरले. लोखंडी ट्रंकेचा वास येत होता, रुमालाचा येत होता.

"येतोय का?" आईने विचारले.

"कळत नाही नीट. नाक अजून पुरतं उघडलेलं नाही."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हळकुंडे रुमालात बांधली, डब्यात ठेवली आणि डब्यावर चिठ्ठी लावायला कागदाचा तुकडा शोधू लागली. तो मिळाल्यावर काय लिहावे याचा तिने क्षणभर विचार केला आणि कागद कोराच चिकटवला.

"राहू दे. पुढच्या खेपेला बघ," ती म्हणाली.

रात्री नऊला वहिनी आल्या. माझे नाक सुधारल्याची बातमी त्यांना कळलेली होती. तरीही आल्या, कारण माझी एसटी पहाटे साडेपाचची होती. मी उंबऱ्यातून बाजूला झालो.